शिडी, रजिस्टर आणि बावीस घरं: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या छोट्या मंडळीतली माझी सहा वर्षं

३० मे २०२२ ला मी सत्तरीतल्या मंडळीचा, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती उपासक समुदायाचा, चार्ज नव्या पाळकांकडे (पास्टरकडे) दिला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात नुकतीच दीक्षा झालेल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतो. "पास्टर, मला खेड्यातली मंडळी मिळालीय. तिथं नक्की काय करायचं असतं?" फोनवर दरवेळी काहीतरी राहून जातं, म्हणून घडलं त्या क्रमानं लिहून ठेवतो. ही सहा वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात भरलेली वर्षं होती, त्यामुळे काही ठिकाणी लेखणी रेंगाळेल.

माझी दीक्षा एप्रिल २०१६ मध्ये झाली आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात नेमणुकीचं पत्र आलं. एका पानाचं. वेतन साडेनऊ हजार, घरभाडं तीन हजारांपर्यंत मंडळी देणार, ९ जूनपर्यंत रुजू व्हावे. मी नगर जिल्ह्यातला, शिक्षण पुण्यात. गोवा म्हणजे समुद्र आणि मोठमोठी पांढरी चर्चेस एवढंच डोक्यात. पत्रातलं गाव वाळपईपासून नऊ किलोमीटरवर आहे, तिथून समुद्र दोन-अडीच तासांवर आणि सह्याद्री मात्र दारात, हे नकाशात बघितल्यावर कळलं. कोल्हापुरातून टेम्पो केला. बेळगाव, चोर्ला घाट, केरी, साखळी, होंडा असा रस्ता. भाडं अकरा हजार. निम्मं वरच्या कार्यालयाकडून मिळणार होतं, ते चार महिन्यांनी मिळालं, कारण टेम्पोवाल्यानं वहीच्या कागदावर पावती दिली होती. शिक्क्याचं बिल निघण्यापूर्वीच मागून घ्या.

पहिले पंधरा दिवस कागदांतच गेले. घरमालकाशी भाडेकरार, त्यावरून पोलीस ठाण्यात भाडेकरू पडताळणीचा फॉर्म, गॅस बदलून घेणं, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला. पडताळणीला मूळ गावच्या पत्त्याचा पुरावा मागितला आणि माझ्या आधारवर पुण्याच्या वसतिगृहाचा पत्ता होता. वडिलांनी नगरहून रेशन कार्डाची प्रत कुरिअरनं पाठवली तेव्हा काम झालं. निघण्याआधी सगळ्या कागदांवर एकच पत्ता आहे ना, एवढं बघा.

मंडळी बावीस घरांची. लहानमोठी मिळून एक्याऐंशी माणसं. बहुतेक घरं बेळगाव, चंदगड, आजरा या भागांतून तीस-चाळीस वर्षांपूर्वी आलेली. कुणी खाणीवरच्या ट्रकवर ड्रायव्हर, कुणी गॅरेजमध्ये मेकॅनिक, कुणी होंड्याच्या कारखान्यात कंत्राटी. बायका काजूच्या हंगामात बागायतीत जायच्या. मंदिर (आम्ही चर्चला मंदिरच म्हणतो) जांभ्या चिऱ्यांचं, वर मंगळुरी कौलं, आत चाळीस खुर्च्या, एक पेटी, एक ढोलकी. आजूबाजूची सगळी घरं हिंदू, वाड्याच्या टोकाला सातेरीचं देऊळ. गोव्यात पाद्री म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कॅथलिक धर्मगुरू येतो, म्हणजे अविवाहित. त्यामुळे सामान उतरवत असताना शेजारच्या मुलानं माझ्या पत्नीकडे बघून आपल्या आईला मोठ्यानं विचारलं, "आई, पाद्रीक बायल आसता?" त्या घराशी आमची ओळख तिथूनच झाली. चतुर्थीला त्यांच्या नेवऱ्या आमच्याकडे आणि नाताळात आमच्या करंज्या त्यांच्याकडे, हे सहाही वर्षं चुकलं नाही.

दोन घरं सोडून एक निवृत्त मराठी मास्तर राहायचे. पहिल्या आठवड्यात मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा मनात धाकधूक होती, इथं मराठीतून उपासना करणारा मी कोण कुठला. मास्तरांनी पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "मराठीतून ख्रिस्ताची कथा सांगणं गोव्याला नवीन नाही. फादर स्टीफन्सनी ती ओवीबद्ध करून राशोलला छापली, १६१६ साली. तुम्ही बरोबर चारशे वर्षांनी आलात." मी सेमिनरीत हे शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. पण सत्तरीतल्या एका हिंदू मास्तरांच्या ओसरीवर ते ऐकताना पाय जमिनीला लागल्यासारखे वाटले.

पाऊस लागला आणि २६ जूनच्या रविवारी मंदिर गळायला लागलं. चार ठिकाणी बादल्या, एक थेट वेदीच्या उजव्या अंगाला. सत्तरीत माकडं कौलांवरून उड्या मारतात, फुटलेली कौलं उन्हाळ्यात कळत नाहीत. जूनमध्ये कौलं परतणारा माणूस शोधून सापडत नाही, सगळे शेतावर. आम्ही प्लॅस्टिक टाकून तो पावसाळा काढला. पुढच्या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात काम केलं: १२० कौलं २,६४० रुपये, दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी ३,२००, टेम्पो ४००. शिडी समोरच्या बागायतदार काकांची, पोफळीच्या बागेतली, लांब बांबूची. त्यांनी भाडं घेतलं नाही. फक्त म्हणाले, "काम झाल्यावर भिंतीला उभी ठेवू नका, वाकते. आडवी ठेवा."

उपासना कधी संपवायची हे मला बसनं शिकवलं. दोन घरं चार किलोमीटरवरून यायची आणि परतीची बस सव्वाबाराची होती. ती चुकली की म्हातारी माणसं अडीचपर्यंत उन्हात थांबायची. दुसऱ्याच रविवारी मला हे दिसलं, आणि त्यानंतर संदेश (प्रवचन) वीस मिनिटांचा झाला तो कायमचा. घरभेटी मात्र मोकळ्या वेळेच्या ठेवल्या. ड्रायव्हर लोक रात्री आठनंतर घरी, म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी रात्री मी टॉर्च घेऊन निघायचो. एका घरी बसलो की चहा, मग बायबलचं वचन, मग प्रार्थना, आणि खरं बोलणं प्रार्थनेनंतर दारात चपला घालताना निघायचं. नवऱ्याचं पिणं, मुलीचं अडलेलं शिक्षण, गावाकडच्या जमिनीचा वाद. चपला घालायला घाई करायची नाही, हे मी तिथं शिकलो.

लग्नाचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण महाराष्ट्रातून गोव्यात येणारा पाळक इथं हमखास अडकतो. आपल्याकडे १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे परवाना असलेला पाळक लग्न लावतो आणि नोंदही करतो. गोव्यात तसं नाही. तिथं १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला कौटुंबिक कायदा सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू आहे आणि लग्न नागरी निबंधकाकडे नोंदवावं लागतं. लोक त्याला 'पहिली सही' आणि 'दुसरी सही' म्हणतात. पहिल्या सहीला वधूवर जाऊन लग्नाचा इरादा जाहीर करतात, मग हरकतींसाठी काही दिवस जातात, मग साक्षीदारांसह दुसरी सही. मंदिरातला विधी त्यानंतर.

आमच्या मंडळीतल्या एका तरुण मेकॅनिकचं लग्न सावंतवाडीच्या मुलीशी ठरलं. ६ मे २०१७, शनिवार. पत्रिका छापून आल्या आणि मार्चच्या शेवटी आम्ही कचेरीत गेलो. तिथं कळलं की मुलाच्या जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आणि मी हातात धरलेल्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तिसरं. बाप्तिस्म्याचा दाखला जन्माचा पुरावा म्हणून चालला नाही. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. मुलगी गोव्याबाहेरची, तिला अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि तिकडचा रहिवासी दाखला. तीन खेपा झाल्या. मुलाचे तीन दिवसांचे रोज बुडाले. पहिली सही ११ एप्रिलला झाली, दुसरी मेच्या पहिल्या आठवड्यात, लग्नाला तीन दिवस उरलेले. त्या पंधरवड्यात मुलाच्या आईचं जेवणावरून लक्ष उडालं होतं. कचेरीतल्या बाईंनी प्रत्येक वेळी नीट समजावून सांगितलं, उशीर आमच्या बाजूनं होता. सरकारी पैसे फार लागले नाहीत, खेपाच जास्त.

तेव्हापासून साखरपुड्याच्या प्रार्थनेलाच मी दोघांचे जन्मदाखले मागायला लागलो. आणि आणखी एक सांगायला लागलो: गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता समाईक होते. हे दोघांनाही, विशेषतः मुलीला, सहीच्या आधी माहीत असायला हवं. विवाहपूर्व मार्गदर्शनात आपण प्रेम आणि क्षमा यांवर दोन तास बोलतो, त्यातली पंधरा मिनिटं याला द्या.

त्याच वर्षी १२ ऑगस्टला मंडळीतल्या सगळ्यात जुन्या आजी प्रभूत निजल्या. ब्याऐंशी वर्षांच्या. पन्नास वर्षांपूर्वी नवऱ्यामागे चंदगडहून चालत आलेल्या. माझी पाळक म्हणून पहिली माती. मंदिरामागे मंडळीची छोटी दफनभूमी आहे, म्हणून जागेची चिंता नव्हती, पण खाली जांभा. वरची दीड हात माती निघाली आणि पहार दगडावर वाजायला लागली. पाऊस कोसळत होता. आमची चार मुलं दोन तास खोदत होती आणि खड्डा गुडघ्याएवढाही झाला नव्हता, त्यातच लालभडक पाणी साचलेलं. पत्र्याच्या डब्यानं पाणी काढायचं, दोन घाव घालायचे, पुन्हा पाणी. मी प्रार्थनेचं पुस्तक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून छत्रीखाली उभा, आणि आतून पार खचलो होतो.

मग बागायतदार काका आले. त्यांच्याबरोबर चिरेखाणीवर काम करणारे तीन जण, खांद्यावर रुंद पात्याची हत्यारं. त्यांनी खड्ड्यात उतरून आधी दगडाची रेघ बघितली, हातानं चाचपली आणि कडेनं चिरा काढतात तसं कापायला सुरुवात केली. तुकडे पडत नव्हते, चौकोनी चिरेच निघत होते. एक जण सतत पाणी उपसत होता. दीड तासात कबर तयार झाली, कडा इतक्या सरळ की आजींच्या थोरल्या मुलानं त्यांवरून हात फिरवला आणि तो तिथंच रडायला बसला. निघालेले चिरे त्या माणसांनी एका बाजूला रचून ठेवले. पुढे त्यांतूनच कबरीचा चौथरा झाला. दफनविधी संपेपर्यंत ते तिघं टोप्या काढून पावसात उभे होते. मजुरी देऊ केली तर त्यांतला मोठा म्हणाला, "म्हातारेन आमकां च्या दिल्लो." खाणीवर जाता-येता आजी त्यांना चहा द्यायच्या, हे आम्हांला कुणालाच माहीत नव्हतं.

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते. घरचे दुःखात असतात, हे काम पाळकानं आठवणीनं करवून घ्यावं. आम्ही पाचव्या दिवशी पंचायतीत जाऊन आलो.

नोव्हेंबरमध्ये कापणीचा सण. नगरकडे ज्वारीची कणसं, भोपळे आणि कोंबड्या बघत वाढलो, इथं वेदीपुढे नारळ, सुपारी, केळीचे घड, अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), भिरंडाची (कोकमाची) सोलं, मिरीची छोटी पुडी. उपासनेनंतर लिलाव. एकच नारळ पाच माणसं घेतात आणि पुन्हा वेदीपुढे ठेवतात. शेवटी तो पाचशे रुपयांना गेला आणि घेणाऱ्यानं माझ्या मुलीच्या हातात दिला. त्या वर्षी ११,४०० रुपये जमले आणि त्यातून कौलांखाली माकडांसाठी जाळी बसली. लिलाव करणारे खजिनदार काका खाणीवरच्या डंपरचे ड्रायव्हर होते, त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा.

पुढच्या वर्षी तो आवाज बसला. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. २०१२ च्या बंदीतून लोक कसेबसे सावरले होते, त्यात हे दुसऱ्यांदा. त्या खाणींनी डोंगर आणि ओढे किती खराब केले हे मी डोळ्यांनी बघितलं आहे, न्यायालयाला दोष द्यायला माझं मन धजत नाही. पण माझ्या बावीसपैकी तेरा घरांची चूल त्यावर पेटत होती. रस्त्याकडेला ट्रक ओळीनं उभे राहिले आणि पावसानंतर त्यांच्या चाकांतून वेल वर चढले. दर रविवारचं अर्पण बाराशेवरून चारशेवर आलं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीच्या बैठकीत खजिनदार काका हिशेबाची वही मिटून माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाळकसाहेब, या महिन्याचं भाडं जमत नाही." मी वर पत्र लिहिलं. सहा आठवडे उत्तर नाही. दुसरं पत्र लिहिलं, त्याला अर्पणाच्या वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या. मग वर्षभरासाठी भाड्याची सोय झाली. कळकळीच्या चार पानांपेक्षा हिशेबाची दोन पानं लवकर वाचली जातात. घरमालकानं त्या दोन महिन्यांचं भाडं नंतर मागितलंच नाही.

वर्षभरात सहा घरं परत गावाकडे गेली. प्रत्येक घरासाठी मंडळी बदलल्याचं पत्र लिहिताना हात जड व्हायचा. मी प्रत्येकाला त्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींची सही-शिक्क्यासह प्रत दिली, पुढे धावपळ नको म्हणून.

२२ मार्च २०२० च्या रविवारपासून मंदिर बंद. त्या काळाबद्दल सगळ्यांकडे सांगण्यासारखं आहे, मी थोडक्यात उरकतो. मी व्हॉट्सअॅपवर रोज पाच मिनिटांचा संदेश बोलून पाठवायचो. सहा घरांकडे साधे फोन होते, त्यांना संध्याकाळी एकेकाला फोन लावून तोच भाग वाचून दाखवायचो. एका आजोबांनी सांगितलं, "तुम्ही वाचता तेव्हा मी फोन पेटीवर ठेवतो आणि समोर बसतो." २०२१ च्या मेमध्ये आम्ही दोन माणसं गमावली. एकाच्या अंत्यविधीला मी, त्याचा मुलगा आणि पीपीई घातलेले चौघं.

मग २३ जुलै २०२१, शुक्रवार. म्हादईला आणि तिच्या उपनद्यांना असा पूर आला की गावातले म्हातारे १९८२ ची आठवण काढायला लागले. पहाटे चारला ओढ्याकाठच्या दोन घरांतून फोन आले. माणसं बाहेर काढली, शेजारच्या घराची शेळी काढली, आणि उजाडल्यावर मंदिरात पोचलो तर आत मांडीइतकं पाणी. लाकडी कपाट खालच्या दोन कप्प्यांपर्यंत बुडालेलं. बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाची रजिस्टरं तिथंच होती.

दुपारी पाणी ओसरल्यावर रजिस्टरं घरी आणली. बाप्तिस्म्याचं रजिस्टर १९७४ पासूनचं. पानं एकमेकांना चिकटून विटेसारखी झालेली. माझी पत्नी आणि मंडळीतल्या तीन बहिणी (मंडळीतल्या बायकांना आम्ही बहिणी म्हणतो) जेवणाच्या टेबलाभोवती बसल्या. सुरीच्या बोथट बाजूनं एकेक पान सोडवायचं, मध्ये कोरा कागद घालायचा, वरून जुना टॉवेल दाबायचा, दर दोन तासांनी कागद बदलायचे. मास्तरांनी घरातले कोरे ताव पाठवले. आठ दिवस आमचं घर ओल्या कागदाच्या आणि मातीच्या वासानं भरलेलं होतं. जुन्या पाळकांनी शाईच्या पेनानं लिहिलेली पानं निळी पडली, अक्षरं वाहून गेली. बॉलपेनानं लिहिलेली जशीच्या तशी राहिली. गेलेली नावं परत मिळवायला आम्ही घरोघर फिरलो. लोकांनी ट्रंकांमधून दाखले काढले, काहींना तारखा तोंडपाठ होत्या. एका मावशींनी आपल्या चार मुलांबरोबर शेजारच्या तीन मुलांच्या बाप्तिस्म्याचे रविवारही सांगितले, कारण त्या प्रत्येक रविवारी पेटी त्यांचे यजमान वाजवायचे. एकशे अडतीस नोंदींपैकी नऊ शेवटपर्यंत सापडल्या नाहीत. त्या ओळी नव्या रजिस्टरमध्ये मी रिकाम्या ठेवल्या आहेत.

तुमच्या मंडळीत पोचल्यावर पहिल्या महिन्यात हे करा: रजिस्टरच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो, एक संच वरच्या कार्यालयात, आणि रजिस्टरं डोक्याच्या उंचीवरच्या कपाटात. लिहायचं बॉलपेनानंच. आमच्याकडे पाच वर्षं हे राहून गेलं होतं.

बदलीचं पत्र मार्च २०२२ मध्ये आलं. चार्ज द्यायला तीन दिवस लागले. खुर्च्या चाळीस होत्या, सदतीस उरल्या, तिन्हींची नोंद. पेटी, ढोलकी, प्रभूभोजनाची भांडी, बँकेच्या पासबुकावर सही बदलण्याचा ठराव, वीजबिलाचा ग्राहक क्रमांक. पंच कमिटीच्या ठरावाच्या तीन प्रती करा, बँक एक ठेवून घेते.

२९ मेच्या शेवटच्या रविवारी सोळा घरं आणि वाड्यावरची जवळजवळ सगळी माणसं आली होती. खुर्च्या पुरल्या नाहीत. चिरेखाणीवरचे ते तिघं मागे दाराशी उभे होते. मी वीस मिनिटंच बोललो, सव्वाबाराची बस होती. खजिनदार काका आता शाळेची बस चालवतात, त्यांनी शेवटचं गीत सुरू केलं आणि दुसऱ्या कडव्यावर थांबले, मग बहिणींनी पुढे नेलं. निघताना पेटीवाल्या मावशींनी माझ्या पत्नीला अळसांद्यांची पुरचुंडी दिली, बियाण्याची. ते आम्ही इथं परसात लावले. नगरच्या मातीत येतील असं वाटलं नव्हतं, पण आले.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी नव्या पाळकांचा फोन आला. मंदिरात दोन ठिकाणी आतून उजेड दिसतोय, काय करू, म्हणाले. मी म्हटलं, पंधरा मेच्या आत माणसं बघा, शिडी समोरच्या बागायतदार काकांकडे मिळेल. आणि काम झाल्यावर आडवी ठेवा.